गेले आणि आले



संग्रहालयातल्या वस्तू स्वतःहून काही बोलत नाहीत. लोखंडी धाव बसवलेले एखादे चाक, काजळी धरलेली किटली, लहान मुलाचा झिजलेला जोडा, सारे काही काचेमागे मुकाट असते. बोलतात त्या शेजारी लावलेल्या पाट्या. पाटी म्हटली की वाक्य आले आणि वाक्य म्हटले की कर्ता व क्रियापद आले. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने संग्रहालयात वस्तू पाहाव्यात हे खरे, परंतु वाक्ये अधिक बारकाईने पाहावीत, असे मला वाटते.

अमेरिकेच्या वायव्य भागातील ऑरेगन राज्यात लागोपाठ दोन दिवस मी दोन संग्रहालये पाहिली. दोन्ही एकाच वाटेवर उभी आहेत आणि दोन्हींचा विषयही ती वाटच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लाखो माणसे बैलगाड्या घेऊन ज्या रस्त्याने पश्चिमेकडे सरकली, तो हा ‘ऑरेगन ट्रेल’. पहिल्या संग्रहालयातून बाहेर पडताना माझ्या मनात ‘गेले’ हे क्रियापद होते. दुसऱ्यातून बाहेर पडताना ‘आले’. या दोन क्रियापदांमधील अंतर किती मोठे असू शकते, हे तुम्हांला सांगावे म्हणून हा लेख.

पहिले संग्रहालय बेकर सिटी या गावाजवळ फ्लॅगस्टाफ हिल नावाच्या उघड्या टेकडीवर आहे. 1992 साली ते सुरू झाले. आत पूर्णाकृती देखावे आहेत: बैल, गाड्या, गाड्यांसोबत चालणारी माणसे. चित्रपटांमुळे आपली अशी समजूत झालेली असते, की ही माणसे गाडीत बसून प्रवास करीत. वस्तुस्थिती वेगळी होती. गाडीचा साटा साधारण दहा फूट लांब आणि चार फूट रुंद. त्यावर जवसाचे तेल पाजलेल्या जाड कापडाचे छप्पर. आत सुमारे टनभर सामान. 1845 साली प्रसिद्ध झालेल्या एका मार्गदर्शक पुस्तकाने प्रत्येक माणशी 200 पौंड पीठ, 150 पौंड खारवलेले डुकराचे मांस, 20 पौंड साखर, 10 पौंड कॉफी आणि 10 पौंड मीठ घ्यावे, असा सल्ला दिला होता. एवढे भरल्यावर माणसांना बसायला जागा कुठली उरणार? गाडीला धक्के शोषणाऱ्या कमानीही नसत. म्हणून आजारी माणसे आणि तान्ही मुले सोडली, तर बहुतेकांनी तो प्रवास पायी केला. मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स गावापासून ऑरेगनमधील विलामेट नदीच्या खोऱ्यापर्यंत सुमारे 2,000 मैल, म्हणजे 3,200 किलोमीटर. दिवसाला पंधराएक मैल या गतीने चार ते सहा महिने.

ज्यांचे बालपण खेड्यात गेले आहे, त्यांना त्या गाडीपुढे उभे राहिल्यावर बरेच काही ओळखीचे वाटेल. जू, आस, आरे यांची ओळख करून द्यावी लागत नाही. मागच्या आसाला वंगणाची बादली टांगलेली असे. कोरड्या हवेत लाकूड आकसले की धाव सैल पडे. मग चाके काढून नदीत भिजत ठेवावी लागत. वृक्षहीन पठारावर सरपण मिळत नसे, तेव्हा बायका आणि मुले रानगव्यांचे वाळलेले शेण ओच्यात गोळा करीत आणि त्यावर स्वयंपाक होई. हे वाचताना मला गोवऱ्यांचा धूर आठवला आणि ती परकी माणसे एकाएकी जवळची वाटली.

या प्रवासाला निघालेल्यांसाठी इंग्रजीत आज ‘पायोनियर’ हा शब्द रूढ आहे. त्याची व्युत्पत्ती पाहण्यासारखी आहे. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ पायदळातील सैनिक असा होता. सैन्याच्या पुढे जाऊन वाट खणणारा, वाट मोकळी करणारा, हा अर्थ त्यातून निघाला. त्याचे मूळ ‘पाय’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पोर्तुगीजांच्या मार्फत आपल्या कचेऱ्यांत येऊन बसलेला ‘प्यून’ हा शब्दही त्याच मुळाचा; आणि आणखी मागे गेलो, तर संस्कृत ‘पाद’ व मराठी ‘पाय’ हेही त्याच कुळातले. गौरवाची वस्त्रे उतरवली, तर ‘पायोनियर’ म्हणजे पायी चालणारा माणूस. शब्दाच्या पोटात जे सत्य राहिले होते, ते चित्रपटाने गाडीत बसवून टाकले.

गंमत अशी, की ती माणसे त्या काळी स्वतःला प्रामुख्याने ‘एमिग्रंट’ म्हणजे देशत्याग करून निघालेले म्हणवीत. ते योग्यच होते. 1843 साली सुमारे हजार माणसांचा पहिला मोठा तांडा निघाला, तेव्हा ऑरेगन अमेरिकेच्या संघराज्यात नव्हतेच. त्या प्रदेशावर ब्रिटन आणि अमेरिका असा दोघांचा दावा होता. तो तंटा 1846 च्या तहाने मिटला. म्हणजे हे लोक आपला देश सोडून निघाले होते. पुढे देशच त्यांच्यामागून तेथे पोहोचला आणि मग ‘देश सोडणारे’ हे ‘देश घडवणारे’ झाले. माणसे तीच, वाट तीच. बदलले ते नाम.

या प्रवासातले दुःख खोटे नव्हते. 1869 साली रेल्वेमार्ग पूर्ण होईपर्यंत ऑरेगन, कॅलिफोर्निया आणि युटा या तीन दिशांनी मिळून तीन ते चार लाख माणसे गेली असावीत, असे इतिहासकार मानतात. त्यांपैकी निदान वीस हजार वाटेत मेली. सर्वांत मोठा मारेकरी पटकी, म्हणजे कॉलरा. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जाई. त्याखालोखाल नद्या ओलांडताना बुडणे, चाकाखाली सापडणे, स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागणे. चित्रपटांत ज्यांचे भय दाखवले जाते, त्या मूळनिवासींच्या हल्ल्यांचा वाटा यात फार लहान होता. जॉन अनरू या इतिहासकाराने 1840 ते 1860 या काळातील नोंदी तपासून जो हिशेब मांडला, त्यानुसार मूळनिवासींच्या हातून 362 प्रवासी मारले गेले आणि प्रवाशांच्या हातून 426 मूळनिवासी. पहिल्या आकड्यावर कितीतरी चित्रपट निघाले. दुसरा ग्रंथातच राहिला.

प्रवासातील स्त्रियांच्या रोजनिशा आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. त्यांतील नोंदी बहुधा अगदी कोरड्या असतात: आज किती मैल झाले, गवत कसे होते, पाणी कसे होते, वाटेत किती थडगी लागली. शोक करायला सवड नसलेल्या माणसाचे ते गद्य आहे. मूल पुरायचे आणि उजाडताच बैल जुंपायचे, अशा दिनक्रमात विशेषणे कोठून येणार? ललित गद्याचा अभ्यास करताना तुम्ही या कोरडेपणाकडे शैलीचा दोष म्हणून पाहू नका. पुष्कळदा तो सहनशक्तीचा पुरावा असतो.

त्या संग्रहालयात एका गाडीच्या देखाव्यासमोर एक वृद्ध बाई आपल्या नातवाला सांगत होत्या, “अशाच गाडीतून आपण इथे आलो.” त्या अर्थातच इंग्रजीत बोलत होत्या, मी ते मनातल्या मनात मराठीत घेतले आणि तेथेच अडखळलो. त्यांचा ‘वी’ मराठीत कसा आणायचा? नातवाला सांगत होत्या म्हणून ‘आपण आलो’. तेच वाक्य त्या मला सांगत्या, तर ‘आम्ही आलो’ म्हणावे लागले असते. मराठीत ‘आपण’ म्हटले की ऐकणारा आत असतो. ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. भाषाविज्ञानात यांना श्रोतृसमावेशक आणि श्रोतृव्यावर्तक सर्वनामे म्हणतात. इंग्रजीत हा भेद नाही. त्यामुळे इंग्रजी पाटीवरचा ‘वी’ वाचणाऱ्याला विचारतही नाही, की बाबा, तू आत आहेस की बाहेर? तो त्याला नकळत आत ओढून घेतो.

मीही दोन तासांत तसाच ओढला गेलो होतो. गोवऱ्या, वंगण, बैल आणि मुलांची थडगी यांनी मला त्या तांड्यात सामील करून घेतले होते. टेकडीच्या पायथ्याशी त्या गाड्यांनी उमटवलेली चाकोरी अजून दिसते. तिच्याशेजारी उभे राहून पश्चिमेच्या डोंगरांकडे पाहताना मनात आले, की एवढे पार केले की पोहोचलो. ‘पोहोचलो’ या क्रियापदातला कर्ता कोण आहे, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. चांगल्या संग्रहालयाचे आणि चांगल्या गद्याचे हेच सामर्थ्य असते आणि सावध वाचकाने ज्याच्याकडे लक्ष ठेवावे, तेही हेच. त्या संग्रहालयात मूळनिवासींसाठीही जागा दिलेली आहे, हे नमूद केले पाहिजे. परंतु वाट चालणाऱ्याच्या डोळ्यांनी सांगितली, की वाटेवर राहणारा हा वाटेतल्या नद्याडोंगरांसारखाच एक टप्पा होतो.

दुसऱ्या दिवशी मी पेंडल्टन गावाजवळच्या संग्रहालयात गेलो. बेकर सिटीपासून ते अंतर सुमारे 95 मैल आहे. महामार्ग बराचसा जुन्या वाटेलगतच ब्लू माउंटन्स ओलांडतो. मोटारीला दीड तास लागतो; बैलगाड्यांना आठवडाभर तरी लागत असणार. डोंगर उतरला की उमाटिला नदीचे खोरे लागते. ही कायूस, उमाटिला आणि वाला वाला या तीन जमातींची भूमी. त्यांनी 1998 साली आपले संग्रहालय उघडले. त्याचे नाव तमास्त्स्लिक्त. वाला वाला भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘उलटून पाहणे’ आणि ‘अर्थ उलगडणे’ असा आहे. एकाच शब्दात हे दोन्ही अर्थ नांदतात, ही गोष्ट मला त्या इमारतीतील कोणत्याही वस्तूइतकीच मौल्यवान वाटली.

त्या संग्रहालयाचे तीन भाग आहेत आणि त्यांची नावे म्हणजे तीन छोटी वाक्ये. मराठीत सांगायचे तर ‘आम्ही होतो’, ‘आम्ही आहोत’, ‘आम्ही असू’. एकच कर्ता, एकच धातू, तीन काळ. शाळेत क्रियापदाची काळरूपे पाठ करताना त्यात एखाद्या समाजाचे अस्तित्व पणाला लागलेले असू शकते, असे आपल्याला वाटत नाही. इतरांनी लिहिलेल्या ग्रंथांत ज्यांच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या केवळ भूतकाळ वापरला गेला, त्यांनी उरलेले दोन काळ परत मागून घेतले आहेत.

मी वर ‘आम्ही’ असे भाषांतर केले, ‘आपण’ असे नाही. येथे इंग्रजी पाटी मदत करत नाही, पण त्या लोकांची भाषा करते. उमाटिला भाषेत ऐकणाऱ्याला आत घेणारे ‘आपण’ आणि बाहेर ठेवणारे ‘आम्ही’ वेगवेगळे आहेत, अगदी मराठीसारखे. एवढेच नव्हे, तर क्रिया बोलणाऱ्याच्या दिशेने होते आहे की त्याच्यापासून दूर, हे दाखवणारे प्रत्यय तेथे क्रियापदाला लागतात. आपण ‘जाणे’ आणि ‘येणे’ या दोन धातूंत जे सांगतो, ते त्या भाषेत इतर धातूंनाही जोडता येते. तिथल्या माणसाने या वाटेची गोष्ट स्वतःच्या भाषेत सांगायची ठरवली, तर तो कोठे उभा आहे हे लपवणे त्याला जड जाईल.

त्या जागी उभे राहून पाहिले, की सारी दिशाच बदलते. ‘पश्चिमेकडे स्थलांतर’ हा शब्दप्रयोग निघणाऱ्याचा आहे. या खोऱ्यातल्या माणसाला गाड्या दिसल्या त्या पूर्वेकडून, डोंगर उतरून येताना. गेले कोणीच नव्हते, आले होते. आणि दरवर्षी अधिक येत होते.

त्यांच्यासोबत रोगही आले. 1836 साली मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन या धर्मप्रसारक दांपत्याने कायूसांच्या भूमीत आपले ठाणे वसवले होते. पुढे ते प्रवाशांच्या विसाव्याची जागा झाले. 1847 साली गोवराची साथ आली. व्हिटमन डॉक्टर होते. त्यांच्या औषधाने गोरी मुले पुष्कळशी बरी होत, कायूसांची मुले मरत. कारण त्या शरीरांना हा रोगच नवा होता. आसपासच्या कायूसांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे दगावली. डॉक्टर विष देत आहे, असा संशय पसरला. 29 नोव्हेंबर 1847 रोजी कायूसांनी ठाण्यावर हल्ला केला. त्यात व्हिटमन दांपत्यासह तेरा जण मारले गेले. जून 1850 मध्ये पाच कायूस पुरुषांना ऑरेगन सिटी येथे जाहीर फाशी देण्यात आली. या घटनेला इंग्रजी ग्रंथांनी दीर्घकाळ ‘व्हिटमन हत्याकांड’ असे म्हटले. साथीत मेलेल्या कायूस मुलांसाठी असे एखादे भरदार नाम कोणी घडवले नाही. रोगाने मरण येते, त्या वाक्याला कर्ता नसतो. म्हणून त्याचे शीर्षकही होत नाही.

त्याच 1850 साली अमेरिकन संसदेने ऑरेगनमधील जमीन वाटण्याचा कायदा केला: अविवाहित गोऱ्या पुरुषाला 320 एकर, विवाहित जोडप्याला 640 एकर. तेथील जमातींशी जमिनीबाबतचे करार पक्के होण्यापूर्वीच हे वाटप सुरू झाले. या जमिनीला इंग्रजीत ‘फ्री लँड’ म्हणत. ‘फ्री’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ निघतात, ‘फुकट’ आणि ‘मोकळी’. पहिला अर्थ खरा ठरण्यासाठी दुसरा गृहीत धरावा लागतो. आणि येणाऱ्यांमधलेही सगळे या वाटपात नव्हते. 1844 साली ऑरेगनच्या तात्पुरत्या सरकारने कृष्णवर्णीयांना तेथे वसण्यास मनाई करणारा कायदा केला. त्याच वर्षी ही वाट चालून आलेला जॉर्ज बुश हा कृष्णवर्णीय गृहस्थ त्यामुळे आपल्या सोबत्यांसह कोलंबिया नदीच्या उत्तरेला गेला आणि तेथे त्यांनी वस्ती केली. तांड्यात चालताना तो ‘आपण’मध्ये होता, पोहोचल्यावर ‘आम्ही’च्या बाहेर काढला गेला.

1855 च्या तहात या तीन जमातींनी 64 लाख एकर भूमी सोडली. काही भाग आणि मासेमारी, शिकार, कंदमुळे गोळा करणे हे आपले परंपरागत हक्क त्यांनी राखून ठेवले. येथेही क्रियापद नीट पाहा. ‘सरकारने त्यांना राखीव भूमी दिली’ असे वाक्य सर्रास आढळते. तहाच्या अर्थाने बरोबर वाक्य असे आहे: ‘त्यांनी ती राखली’. देणारा आणि राखणारा यांच्यात कर्त्याचा फरक आहे आणि पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादांचा मुद्दा नेमका हा फरकच होता.

भाषेच्या अभ्यासकाला तेथे आणखी एक गोष्ट चटका लावून जाते. कायूसांची मूळ भाषा कोणत्याही ज्ञात भाषेशी नाते सिद्ध न झालेली, एकटी होती. शेजारच्या नेझ पर्स लोकांशी झालेल्या सोयरिकींमुळे ती आधीच मागे पडू लागली होती. पुढे साथ आणि युद्ध यांनी समाज विखुरला आणि ती मावळली. कायूस हे नामांकित घोडेस्वार. त्यांच्या नावावरून पश्चिमेकडच्या इंग्रजीत ‘कायूस’ हा शब्द लहान चणीच्या घोड्यासाठी रूढ झाला आणि अजून शब्दकोशांत आहे. माणसांची भाषा गेली. त्यांच्या नावाने दुसऱ्यांच्या भाषेत घोडा उरला.

परंतु ही गोष्ट येथे संपवली, तर मी त्यांना पुन्हा भूतकाळात ढकलल्यासारखे होईल. तिसरे वाक्य विसरून चालणार नाही. 2014 साली उमाटिला भाषेचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध झाला. ज्येष्ठ भाषिक आणि भाषावैज्ञानिक यांच्या दीर्घ सहकार्यातून तो झाला आहे. उमाटिला नदीतून सुमारे सत्तर वर्षे नाहीसा झालेला सामन मासा जमातींच्या प्रयत्नांनी तेथे परत आला. ‘आम्ही असू’ ही घोषणा नाही. शब्द जमवणे, मुलांना शिकवणे, नदीत पाणी राहील याची तरतूद करणे, असा तो रोजचा उद्योग आहे.

मग या दोहोंपैकी कोणते संग्रहालय खरे? मला हा प्रश्न नीट विचारलेला वाटत नाही. पटकीने गेलेल्या मुलाचे थडगे खरे आहे आणि गोवराने गेलेल्या मुलाचेही. एका दुःखाने दुसऱ्याची वजाबाकी होत नाही. फरक आहे तो वाक्यातल्या जागेचा: कोणाला कर्तेपद मिळाले, कोण कर्म झाले आणि कोणाला वाक्यात जागाच मिळाली नाही. दोन्ही संग्रहालये पाहिलेल्या माणसाला ‘स्थलांतर’ हे नाम यापुढे सहज वापरता येत नाही. ते नाम दिशा पुसून टाकते. त्याला मोडून क्रियापदात आणावे लागते आणि क्रियापदात आणले की ‘गेले’ म्हणायचे की ‘आले’, हे ठरवणे भाग पडते.

तुमच्या अभ्यासक्रमात इतिहासपर लेखन, प्रवासवर्णने आणि आत्मचरित्रे आहेत. त्यांतला एखादा उतारा घ्या. पेन्सिलने फक्त ‘जाणे’, ‘येणे’, ‘देणे’, ‘राखणे’ ही क्रियापदे आणि ‘आम्ही’, ‘आपण’, ‘ते’ ही सर्वनामे अधोरेखित करा. मग लेखक जेथे ‘गेले’ म्हणतो, तेथे ‘आले’ घालून वाक्य पुन्हा वाचा. काही ठिकाणी फारसे काही बदलणार नाही. काही ठिकाणी मात्र इतका वेळ न दिसलेला एक माणूस दारात उभा असलेला दिसेल. त्याचे नाव उताऱ्यात नसेल; पण त्याच्या नजरेने आपण तो उतारा आणखी एकदा वाचू.